महिन्याचा नव्हे, वर्षाचा हिशेब: पगारदार कुटुंबाने पैशांची घडी कशी बसवावी

पगारदार कुटुंबाचा जमाखर्च कोलमडतो तो बहुधा जून महिन्यात. शाळेचे पहिल्या सत्राचे शुल्क, वह्या-पुस्तके, गणवेश, रेनकोट आणि व्हॅनवाल्या काकांना द्यायची आगाऊ रक्कम हे सगळे एकाच पंधरवड्यात अंगावर येते. त्याआधी एप्रिल-मेमध्ये लग्नसराईचे आहेर आणि गावाकडच्या फेऱ्या उरकलेल्या असतात. मग एखादी मुदत ठेव मोडली जाते किंवा क्रेडिट कार्डावर बोजा चढतो. यातला एकही खर्च न कळवता आलेला नसतो. शाळा जूनमध्येच उघडते, गणपती भाद्रपदातच येतात, घरपट्टीचे बिल दरवर्षी येते. तरीही प्रत्येक वेळी आपली तारांबळ उडते, कारण आपण हिशेब महिन्याचा मांडतो आणि घर मात्र वर्षाच्या चक्रावर चालते.

म्हणून ‘पैसे कुठे गुंतवावेत’ या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी वर्षाचा एक कागद तयार करावा. पुढे जे सांगितले आहे त्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. ज्या घरात आजारपणासाठी चार पैसे बाजूला नाहीत, त्या घराने शेअर बाजाराची चर्चा करणे म्हणजे पाया न भरता रंगाची निवड करण्यासारखे आहे.

वर्षाचा कागद

बँकेच्या संकेतस्थळावरून मागील बारा महिन्यांचे खातेउतारे काढून घ्यावेत आणि नवरा-बायको दोघांनीही एका रविवारी एकत्र बसून प्रत्येक नोंदीसमोर खर्चाचे कारण लिहावे. हे काम वाटते त्याहून अवघड आहे, कारण यूपीआयच्या नोंदीत पैसे घेणाऱ्याचे नाव दिसते, कशासाठी दिले ते दिसत नाही. किराणा दुकानाच्या नावाऐवजी दुकानदाराच्या मुलाचे नाव, भाजीवाल्या मावशींऐवजी त्यांच्या सुनेचे नाव, असे सगळे असते. तीन महिन्यांपूर्वीचे ४६० रुपये कशाचे होते हे कुणालाच आठवत नाही. जे आठवत नाही ते ‘किरकोळ’ या एका रकान्यात टाकावे आणि त्या रकान्याची वर्षाची बेरीज पाहावी. बहुतेक घरांना पहिला धक्का तिथेच बसतो.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. दोघांचे मिळून हातात ७२,००० रुपये येतात. गृहकर्जाचा हप्ता २६,०००, किराणा, दूध, भाजी आणि गॅस १५,०००, शाळेचे मासिक शुल्क व शिकवणी ७,०००, वीज, मोबाईल, इंटरनेट आणि सोसायटीची देखभाल ५,०००, पेट्रोल ३,५००, गावी आई-वडिलांना ४,००० आणि औषधे १,५००. एकूण खर्च ६२,००० होतो आणि महिन्याला १०,००० उरतात, असे हे कुटुंब मानते. पण त्यांनी वर्षाचा कागद मांडला, तेव्हा जूनचा शाळाखर्च, विम्याचे हप्ते, गणपती-दिवाळी, आहेर, घरपट्टी आणि दुचाकीची दुरुस्ती मिळून आणखी ६०,००० रुपये निघाले, म्हणजे महिन्याला ५,०००. या कुटुंबाची खरी शिल्लक पाचच हजार आहे. दहा हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम गुंतवण्याची सोय, सुरू करून चार महिन्यांत ती बंद करण्याची वेळ अनेकांवर येते, ती याच फरकामुळे.

वर्षाकाठी येणाऱ्या खर्चांसाठी वेगळे बचत खाते उघडावे आणि पगार जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरलेली रक्कम त्यात आपोआप वळती होईल अशी स्थायी सूचना बँकेला द्यावी. ज्यांचा हात सैल आहे त्यांनी आवर्ती ठेव लावावी. मे महिन्यात मुदत संपेल अशी एक आणि ऑगस्टमध्ये संपेल अशी दुसरी ठेवली, तर जून आणि गणपती हे दोन्ही घाट बिनबोभाट पार पडतात. या खात्याचे डेबिट कार्ड घेऊ नये आणि ते यूपीआयलाही जोडू नये.

अडीअडचणीचा पैसा आणि तो ठेवण्याची जागा

नोकरी गेली, घरात कुणी आजारी पडले किंवा गावाकडचे छत कोसळले, तर कर्जाचे हप्ते धरून किमान चार ते सहा महिन्यांचा आवश्यक खर्च भागेल एवढी रक्कम हाताशी असावी. वरच्या कुटुंबासाठी ती अडीच ते पावणेचार लाखांच्या घरात जाते. महिन्याला पाच हजार साठवून एवढी रक्कम उभी राहायला चार ते सहा वर्षे लागतील, हे मान्य करायला हवे. म्हणून दिवाळीचा बोनस, थकबाकी आणि रजेचे रोखीकरण यांतून मिळणारा पैसा सर्वप्रथम इकडे वळवावा आणि तोपर्यंत नवे टीव्ही, नवे फर्निचर हे विषय थांबवावेत.

हा पैसा कुठे ठेवायचा, याबाबत महाराष्ट्रात विशेष काळजी घ्यावी लागते, कारण आपल्याकडे सहकाराचे जाळे दाट आहे आणि ‘बँक’ व ‘पतसंस्था’ हे शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालते आणि तिच्यातील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेसाठी ५ लाख रुपये आहे. त्याआधी ती १ लाख होती. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवी विभागल्या तर मर्यादा चौपट होत नाही, कारण सर्व शाखा मिळून एकच बँक धरली जाते. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते आणि या विम्याच्या छत्राखाली ती येत नाही. पतसंस्था वाईट असते असे मी म्हणत नाही. गल्लीतल्या छोट्या दुकानदाराला तिने जेवढा आधार दिला आहे, तेवढा मोठ्या बँकांनी क्वचितच दिला असेल. पण पिग्मी एजंट रोज दारात येतो, ओळखीचा आहे, व्याज एक टक्का जास्त मिळते, एवढ्या कारणांवर घरातली सगळी पुंजी तिथे ठेवू नये.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढता येत होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, तरी ज्यांचे मुलीच्या लग्नाचे आणि शस्त्रक्रियेचे पैसे त्याच एका बँकेत होते, त्यांचे हाल झाले. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा निर्बंधांच्या वेळी विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली आहे. तरीही ९० दिवस म्हणजे तीन महिन्यांचे हप्ते. त्यामुळे अडीअडचणीचा पैसा किमान दोन बँकांत विभागून ठेवणे इष्ट आहे, आणि त्यांपैकी एका खात्यावर पत्नीचे नाव पहिले असावे.

भिशीबद्दल एक शब्द. दहा-बारा मैत्रिणींनी महिन्याला दोन हजार काढावेत, चिठ्ठी निघेल तिने मिक्सर घ्यावा किंवा बांगड्यांचे पाटल्यांत रूपांतर करावे, यात गैर काही नाही. त्यातून शिस्त लागते आणि गप्पाही होतात. मात्र भिशीत पैसे कधी हाती येतील हे आपल्या हातात नसते आणि चिठ्ठी लागल्यावर एखादीने हप्ते थांबवले तर वसुलीला कागद नसतो. बुडाली तरी रात्रीची झोप उडणार नाही, एवढीच रक्कम तिथे असावी.

विमा: दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत

आयुर्विमा म्हणजे कमावत्या माणसाच्या मागे घर चालावे यासाठीची सोय आहे, ती बचत नव्हे. आपल्याकडे ही गल्लत पिढ्यान्‌पिढ्या झाली, कारण विमा प्रतिनिधी हा बहुधा साडू, शेजारी किंवा वडिलांचा जुना सहकारी असतो आणि त्याला नाही म्हणणे संकोचाचे वाटते. मुदत संपल्यावर पैसे परत देणाऱ्या पॉलिसीचा हिशेब एकदा मांडून पाहू. वर्षाला २४,००० रुपये वीस वर्षे भरले, म्हणजे ४ लाख ८० हजार गेले, आणि शेवटी बोनससह ८ लाख हाती आले. ऐकायला हे छान वाटते; पण त्यावर पडलेला परतावा वर्षाला साधारण साडेचार ते पावणेपाच टक्के एवढाच आहे. तेच पैसे दरवर्षाच्या आरंभी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये, ७.१ टक्क्यांनी ठेवले असते तर साडेदहा लाखांहून अधिक झाले असते. शिवाय चोवीस हजारांत मिळालेले विमाछत्र चार-पाच लाखांचे. त्यावर कुटुंब एक वर्षही निघणार नाही.

यावर उपाय शुद्ध मुदत विम्याचा, ज्याला सगळे ‘टर्म इन्शुरन्स’ म्हणतात. मुदत संपेपर्यंत माणूस हयात असेल तर यात काहीही परत मिळत नाही, आणि ‘पैसे वाया जातात’ म्हणून तो नाकारला जातो. दुचाकीचा विमा काढून अपघात झाला नाही म्हणून कुणी हळहळत नाही, मग इथेच का हळहळावे, हे मला आजवर उमगलेले नाही. वार्षिक उत्पन्नाच्या दहा ते पंधरा पट आणि त्यावर शिल्लक गृहकर्ज एवढे छत्र घ्यावे, निवृत्तीच्या वयापर्यंतच घ्यावे आणि प्रस्तावात तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांची खरी माहिती लिहावी. लपवलेल्या आजाराचा हिशेब पुढे विधवेला द्यावा लागतो. धंदा करणाऱ्या किंवा कुणाला जामीन राहिलेल्या गृहस्थाने विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे पॉलिसी घ्यावी, म्हणजे तिच्या रकमेवर सावकारांना हक्क सांगता येत नाही. हा पर्याय प्रस्ताव भरतानाच निवडावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा वस्तू व सेवा कर उठला असल्याने हप्तेही पूर्वीपेक्षा सुसह्य झाले आहेत.

आरोग्यविम्यात बहुतेकांचे लक्ष केवळ रकमेकडे असते आणि खोलीभाड्याच्या मर्यादेकडे दुर्लक्ष होते. समजा पॉलिसी ५ लाखांची आहे आणि खोलीभाडे तिच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपये, एवढेच मान्य आहे. रुग्णालयात ५,००० ची खोली शिल्लक नव्हती म्हणून आपण ८,००० ची घेतली, तर कंपनी केवळ रोजचे वरचे ३,००० कापून थांबत नाही. डॉक्टरांचे आणि शस्त्रक्रियेचे शुल्क अशा खोलीच्या दर्जाशी जोडलेल्या बाबीही आठास पाच या प्रमाणातच मंजूर होतात. विमा आहे म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाला घरी जाताना लाखभर भरावे लागतात ते यामुळे. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडते, पण तीच घ्यावी. कंपनीकडून मिळणारा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा स्वतःची वेगळी पॉलिसी तिशी-पस्तिशीतच सुरू करावी. आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो आणि तो जितक्या लवकर सरेल तितके बरे.

जाता जाता एक गोष्ट: आपल्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंचे बँक खाते असेल, तर वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवनज्योती विमा आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघाती सुरक्षा विमा त्यांना काढून द्यावा. पहिल्यासाठी प्रवेशाचे वय १८ ते ५० आणि दुसऱ्यासाठी १८ ते ७० आहे. अर्ज बँकेतच मिळतो.

कर्ज कोणत्या क्रमाने फेडावे

क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. कोणतीही गुंतवणूक इतका परतावा देत नाही; त्यामुळे कार्डावर बोजा असताना एसआयपी करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. गरज पडल्यास ठेव मोडून कार्ड आधी शून्यावर आणावे, नंतर वैयक्तिक कर्ज, नंतर सोनेतारण. नातेवाइकांकडून घेतलेल्या हातउसन्यांना व्याज नसते म्हणून ती मागे पडतात, पण त्यांची तारीखही कागदावर लिहावी. नाती पैशाने तुटत नाहीत, विसरण्याने तुटतात.

गृहकर्जाचे गणित मुद्दाम सविस्तर पाहू. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये निव्वळ व्याजाचे असतात आणि मुद्दल ४,८०० रुपयांनीही कमी होत नाही. वीस वर्षांत एकूण साडेबासष्ट लाखांच्या आसपास भरले जातात. आता पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदाच १ लाख रुपये जादा भरले आणि हप्ता न घटवता मुदत घटवली, तर शेवटचे सुमारे १८ हप्ते कमी होतात, म्हणजे साधारण पावणेपाच लाखांचे हप्ते टळतात आणि जादा भरलेले लाख वजा जाता सुमारे पावणेचार लाख वाचतात. हेच लाख रुपये सोळाव्या वर्षी भरले तर वाचणारी रक्कम अगदीच किरकोळ असते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही. फक्त बँकेत जाऊन ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असे लेखी द्यावे.

गुंतवणूक

इथवर आल्यावर जे उरते ते गुंतवायचे, आणि ते गुंतवताना ‘कशासाठी’ आणि ‘किती वर्षांनी’ हे दोन प्रश्न आधी सोडवायचे. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा बँकेच्या ठेवीबाहेर नेऊ नये. सात वर्षांहून लांबच्या गरजेसाठी, म्हणजे मुलांचे उच्च शिक्षण आणि आपली निवृत्ती यांसाठी, केवळ ठेवींवर विसंबू नये. कारण आज १० लाखांत होणारे शिक्षण वर्षाला ८ टक्क्यांनी महागले, तर पंधरा वर्षांनी त्याला ३१ लाख ७० हजार लागतील.

सुरक्षित बाजूचा कणा म्हणजे भविष्य निर्वाह निधी. पगारातून कापला जाणारा निधी नोकरी बदलताना काढून खर्च करण्याची सवय अनेकांना असते. तो नव्या खात्यात वर्ग करावा. पीपीएफ १९६८ पासून चालू आहे, त्याची मुदत १५ वर्षे आहे, वर्षाला ५०० ते १ लाख ५० हजार रुपये भरता येतात आणि न्यायालयाच्या आदेशानेही त्यावर जप्ती येत नाही. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्के आहे. व्याज मात्र दर महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजले जाते. दीड लाख रुपये ५ एप्रिलच्या आत भरले तर त्या वर्षी १०,६५० रुपये व्याज मिळते. तेच करबचतीच्या घाईत मार्चअखेरीस भरले तर त्या वर्षीचे व्याज शून्य. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खाते यापेक्षा सरस आहे. त्यात पंधरा वर्षे पैसे भरायचे आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी ते परिपक्व होते. जानेवारी २०२४ पासून त्याचा दर ८.२ टक्के आहे. साठी ओलांडलेल्या आई-वडिलांच्या निवृत्तीच्या पैशासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना ही पहिली जागा आहे. मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला हातात.

वाढीच्या बाजूसाठी सामान्य कुटुंबाने शेअर निवडत बसू नये. निफ्टीसारख्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या शेअरांची सरासरी चाल दाखवणाऱ्या, निर्देशांकाचा कमी खर्चाचा फंड घेऊन दरमहा एसआयपी करणे पुरेसे आहे. ५,००० रुपये दरमहा पंधरा वर्षे भरले आणि परतावा १० टक्के धरला, तर भरलेल्या ९ लाखांचे सुमारे पावणेएकवीस लाख होतात. हा धरलेला परतावा आहे, हमी नव्हे. जानेवारी २०२० मध्ये १२,४०० च्या आसपास असलेला निफ्टी २३ मार्च २०२० रोजी ७,६१० वर बंद झाला होता. त्या आठवड्यात ज्यांनी घाबरून फंड विकले, त्यांचे नुकसान कायमचे झाले. ज्यांचा जून महिन्याचा आणि आजारपणाचा पैसा वेगळा होता, त्यांना विकण्याची गरजच पडली नाही. घाटातल्या रस्त्यावर ब्रेक आधी तपासायचे असतात ते एवढ्यासाठीच.

फंड थेट योजनेतून घ्यावा की वितरकामार्फत, हा वादाचा विषय आहे. थेट योजना १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांत वितरकाचे कमिशन नसते. वर्षाला एका टक्क्याचा फरक क्षुल्लक दिसतो, पण ५,००० रुपये वीस वर्षे भरल्यास १० टक्क्यांनी सुमारे ३८ लाख आणि ९ टक्क्यांनी साधारण ३३ लाख ४० हजार होतात. माझे मत असे की स्वतः वाचून समजून घेणाऱ्याने थेट योजना घ्यावी. मात्र मार्च २०२० सारख्या दिवसांत फोन करून ‘थांबा, विकू नका’ असे सांगणारा वितरक लाभला असेल, तर त्याचे कमिशन वसूल झाले असे समजावे. समभाग फंड, म्हणजे शेअरमध्ये पैसे गुंतवणारा फंड, वर्षभरानंतर विकल्यास एका आर्थिक वर्षातल्या १ लाख २५ हजारांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के आहे.

करबचतीसाठी मार्चमध्ये पॉलिसी घेण्याची परंपरा आता बहुतेकांसाठी निरर्थक झाली आहे. नव्या करप्रणालीत विमा, पीपीएफ वगैरेंवर मिळणारी कलम ८०सी ची वजावट नाही, आणि २०२५-२६ पासून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर तिच्यात करच लागत नाही. प्रतिनिधीने ‘टॅक्स वाचेल’ असे म्हटले, तर आपण कोणत्या प्रणालीत आहोत हे आधी पाहावे.

सोन्याविषयी लिहिले नाही तर घरातली ज्येष्ठ मंडळी रागावतील. दागिना हौसेसाठी घ्यावा, गुंतवणूक म्हणून नव्हे. घेताना मजुरी आणि कर द्यावा लागतो आणि मोडताना घट कापली जाते. वळे किंवा नाणे घेतले तर मजुरीचा फटका कमी बसतो. हॉलमार्कबरोबर सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे, तो पावतीशी ताडून पाहावा.

आणि महिन्याला तीन टक्के ‘हमखास’ देणारा कुणी भेटला, तर तीन टक्के महिना म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्के, एवढे तोंडी गणित करून दार लावून घ्यावे. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, पण त्याखाली मालमत्ता जप्त होऊन पैसे हाती येईपर्यंत मुलांची शिक्षणे संपतात.

वरच्या कुटुंबाची पाच हजारांची शिल्लक आधी अडीअडचणीच्या खात्यात जाईल. तिथे लाखभर साठले की तीन हजार तिकडे आणि दोन हजार निर्देशांक फंडात. पगारवाढ झाली की तिची अर्धी रक्कम, घराला तिची सवय लागण्याआधी, पहिल्याच महिन्यापासून एसआयपीत वाढवावी.

कागद, नामनिर्देशन आणि एक पिशवी

माझ्या एका मावशीचे यजमान गेले, तेव्हा तेराव्यानंतर आम्ही त्यांचे लोखंडी कपाट उघडले. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सोळा कागद निघाले. तीन बँकांची पासबुके, त्यांतली एक बँक दुसरीत विलीन झालेली. चार विमा पॉलिसी, त्यांतल्या दोन हप्ते न भरल्याने बंद. आणि एका पतसंस्थेची ठेव पावती, जिच्यावर वारस म्हणून त्यांच्या आईचे नाव होते. आई जाऊन तेवीस वर्षे झाली होती. माणूस आयुष्यभर काटकसरीने राहिला, कुणाचे एक पैशाचे देणे ठेवले नाही, पण कोणता पैसा कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हते. त्या एका पावतीसाठी न्यायालयाकडून वारसा प्रमाणपत्र, दोन्ही दिरांची संमती आणि सव्वा वर्ष लागले. एक खाते दहा वर्षे हात न लावल्यामुळे त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेली होती. ती मागता येते आणि ती मिळालीही. अशा पडून राहिलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ ऑगस्ट २०२३ पासून चालू आहे.

तेव्हा वर्षाच्या कागदाच्या मागच्या बाजूला सर्व खाती, पॉलिसी क्रमांक, फंडांचे फोलिओ (खाते) क्रमांक, कर्जे, लॉकर आणि प्रत्येकासमोर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव लिहावे. पासवर्ड तिथे लिहू नयेत. लग्नानंतर भविष्य निर्वाह निधीतले नामनिर्देशन नव्याने भरावे लागते, ते बहुतेक जण विसरतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करून प्रत्येकाचा हिस्सा ठरवता येतो. नामनिर्देशित व्यक्ती मात्र पैसे स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. शेअर आणि फंड यांच्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. मालकी कुणाची हे मृत्युपत्र ठरवते. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होते. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. साक्षीदार आपल्याहून वयाने लहान आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत.

त्या पिशवीतल्या सोळा कागदांत मावशीच्या स्वतःच्या नावाचे खाते एकही नव्हते. कुटुंब निवृत्तिवेतन जमा होण्यासाठी सर्वप्रथम तेच लागले, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तिने बँकेत पहिल्यांदा स्वतःची सही केली.